उद्यानाचे नाव आणि पुलाचा पाया : ‘जाने भी दो यारो’मधील चित्रपटनिर्देशांचा विचार

एका चित्रपटात दुसऱ्या चित्रपटाचा छुपा उल्लेख सापडला की प्रेक्षकाला जो आनंद होतो, तो कोडे सुटल्याचा आनंद असतो. मागच्या भिंतीवरचे पोस्टर, पात्राला दिलेले एखाद्या दिग्दर्शकाचे नाव, कोपऱ्यात चालू असलेल्या दूरचित्रवाणी संचावरचे जुने गाणे अशा गोष्टी हेरून त्यांच्या याद्या करणारा एक मोठा रसिकवर्ग आहे. समीक्षेने मात्र या छंदाकडे बहुधा संशयाने पाहिले आहे, आणि तो संशय अगदीच निराधार नाही. संदर्भ सापडला म्हणजे अर्थ सापडला, असे होत नाही. १९५९ साली त्रुफोच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये दोन शाळकरी मुले चित्रपटगृहाबाहेरून बर्गमनच्या ‘मोनिका’चे छायाचित्र पळवतात, आणि १९६० साली गोदारच्या ‘ब्रेथलेस’मधला भुरटा गुन्हेगार हम्फ्री बोगार्टच्या चित्रापुढे उभा राहून स्वतःला त्याच्या रूपात पाहू लागतो. हे दोन्ही उल्लेख आज पाठ्यपुस्तकी झाले आहेत. पण पहिल्या उल्लेखातून त्या मुलांच्या वयाबद्दल, आणि दुसऱ्यातून उसन्या पौरुषाबद्दल काही कळते म्हणूनच ते टिकले. केवळ बर्गमन आणि बोगार्ट ही नावे ओळखता येणे एवढीच त्यांची मिळकत असती, तर ते केव्हाच विसरले गेले असते.

उसनवारीचा हा प्रश्न भारतीय साहित्यविचाराला नवा नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात एका काव्याच्या दुसऱ्या काव्याशी असणाऱ्या साम्याचे प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधाऱ्यांमधल्या सारखेपणासारखे असे तीन प्रकार केले. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांची चर्चा करताना त्यात ‘परपुरप्रवेश’ या चौथ्या प्रकाराची भर घातली. मूळ एकच, पण भोवतालची सगळी मांडणी दूरची, वेगळी, असे त्याचे स्वरूप आहे. आंतरसंहितात्मकतेची आधुनिक चर्चा मराठीत बहुधा पाश्चात्त्य परिभाषेच्या आधारे होते. या जुन्या वर्गीकरणाचा चित्रपटाच्या संदर्भात फारसा वापर झालेला दिसत नाही. वास्तविक ‘परपुरप्रवेश’ ही संज्ञा कुंदन शहा यांच्या ‘जाने भी दो यारो’ (१९८३) या चित्रपटाला जितकी नेमकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडेल.

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या सुमारे सात लाख रुपयांच्या साहाय्यावर उभा राहिलेला हा चित्रपट. दिग्दर्शकाचा तो पहिलाच, आणि पदार्पणासाठीचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. विनोद आणि सुधीर हे दोन प्रामाणिक, दरिद्री छायाचित्रकार मुंबईत स्टुडिओ थाटतात. ‘खबरदार’ नियतकालिकाच्या संपादक शोभा सेन यांच्यासाठी ते बिल्डर तर्नेजा आणि महापालिका आयुक्त डिमेलो यांच्या साटेलोट्यावर पाळत ठेवतात. एका छायाचित्रस्पर्धेसाठी शहरभर काढलेल्या फोटोंपैकी एकात त्यांना पाठीमागे कोणीतरी कोणावर तरी गोळी झाडताना दिसते. फोटो मोठा करत नेल्यावर मारेकरी तर्नेजा असल्याचे उघड होते. ज्या उद्यानात हे घडते, त्याचे नाव ‘अंतोनियोनी पार्क’ असे आहे.

मायकेलअँजेलो अंतोनियोनी यांचा ‘ब्लो-अप’ हा चित्रपट १९६६चा. हुलिओ कोर्तासार यांच्या पॅरिसमध्ये घडणाऱ्या कथेवरून प्रेरणा घेऊन अंतोनियोनी यांनी ती लंडनला नेली. कथेपासून चित्रपटापर्यंतचा हा प्रवासही एक परपुरप्रवेशच होता, म्हणजे मुंबईत पोहोचेपर्यंत या वस्तूने दोन शहरे आधीच पालटली होती. ‘ब्लो-अप’मधला यशस्वी, उद्धट फॅशन-छायाचित्रकार उद्यानात एका जोडप्याचे फोटो काढतो. ते मोठे करताना त्याला झुडपात पिस्तूल धरलेला हात दिसतो आणि नंतर गवतावर पडलेला देह. रात्री तो उद्यानात जातो तेव्हा प्रेत तिथे असते, पण त्याच्याजवळ कॅमेरा नसतो. परत येईतो फोटो चोरीला गेलेले असतात. उरलेला एकमेव फोटो इतका मोठा केलेला असतो की त्यात केवळ ठिपके उरतात. तो पाहून परिचित स्त्री म्हणते की हे तर तिच्या चित्रकार सोबत्याच्या चित्रासारखे दिसते. सकाळी प्रेतही नाहीसे झालेले असते. अखेरीस मूकाभिनय करणारी तरुण मंडळी चेंडूविना टेनिस खेळतात, नायक तो नसलेला चेंडू उचलून परत फेकतो, आणि मग तोही गवतावरून पुसला जातो. पाहण्याची क्रिया जितकी काटेकोर होत जाते, तितके सत्य विरघळत जाते, असा या चित्रपटाचा तर्क आहे.

कुंदन शहा यांनी या तर्काचा सांगाडा जसाच्या तसा घेतला आणि त्याची दिशा उलटवली. त्यांच्या नायकांना फोटोत दिसलेल्या गोष्टीविषयी क्षणभरही शंका येत नाही. खून झाला आहे, मारेकरी कोण आहे, मेलेला कोण आहे हे सगळे चित्रपटाच्या मध्यापर्यंत नायकांना आणि प्रेक्षकांना निःसंदिग्धपणे ठाऊक झालेले असते. ‘ब्लो-अप’प्रमाणे येथेही अंधारात दिसलेले प्रेत हातातून निसटते, पण तेथे जे कायमचे नाहीसे होते, ते येथे पुन्हा पुन्हा उगवते. उड्डाणपुलापाशी पुरलेल्या शवपेटीतून ते बाहेर येते, दारू प्यालेल्या आहुजा बिल्डरला वाटेत भेटते, चाकांवरून पळते, रंगमंचावर चढते. अंतोनियोनींच्या जगात पुरावा नाही म्हणून सत्य हरवते. मुंबईत पुरावा सर्वांच्या डोळ्यांपुढे, जवळजवळ मिरवणुकीने फिरत असतो, तरी सत्याचे काहीच होत नाही. आयुष्यभर जो माणूस लाच खाऊन सर्वांना उपयोगी पडला, तो मेल्यावर सर्वांनाच हवा असतो, कारण प्रेत ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात दुसऱ्याची मानगूट. त्याला न्याय मिळावा म्हणून मात्र तो कोणालाच नको असतो, ते दोन छायाचित्रकार सोडले तर.

या ठिकाणी उद्यानाच्या नावाचा उपयोग ध्यानात येतो. ते नाव काढून टाकले तरी कथानकाचा एकही धागा तुटत नाही. पण ‘ब्लो-अप’ पाहिलेला प्रेक्षक त्या नावामुळे एक अपेक्षा घेऊन बसतो: आता ज्ञानाविषयीचा संशय येईल, प्रतिमा फसवी ठरेल, प्रश्न तत्त्वज्ञानाचा होईल. चित्रपट ही अपेक्षा जागवतो आणि तिला पुरती नाकारतो. युरोपातल्या सुखवस्तू कलावंताला सत्य सापडेना म्हणून अस्वस्थ होण्याची चैन परवडते. मुंबईतल्या दोन गरीब छायाचित्रकारांना सत्य सापडते आणि म्हणूनच ते तुरुंगात जातात, असे काहीसे हे नाकारणे सांगते. गुरूला केलेले वंदन म्हणून या नावाकडे पाहण्याचा प्रघात आहे. त्यात वंदन आहेच, पण वादही आहे, आणि तो वाद अधिक मोलाचा आहे.

‘ब्लो-अप’शी वाद घालणारे चित्रपट याआधीही झाले होते. कपोला यांच्या ‘द कन्व्हर्सेशन’ने (१९७४) छायाचित्राच्या जागी ध्वनिमुद्रण आणले आणि चोरून ऐकणाऱ्याच्या अपराधभावाची कथा सांगितली. डी पाल्मा यांच्या ‘ब्लो आउट’मध्ये (१९८१) शीर्षकापासूनच नाते जाहीर आहे. तिथल्या ध्वनितंत्रज्ञाला राजकीय हत्येचा पुरावा मिळतो, पण सत्य जगापुढे येत नाही, आणि मेलेल्या मुलीची किंकाळी एका स्वस्त भयपटात वापरली जाते. या दोन अमेरिकी चित्रपटांच्या मागोमाग दोनच वर्षांनी ‘जाने भी दो यारो’ येतो. त्याला या ओळीत बसवून वाचण्याचा प्रयत्न फारसा झालेला नाही. विनोदी चित्रपट हा मुळातच कमी प्रतीचा, हा समज त्याला कारणीभूत असावा. ‘ब्लो आउट’चा शेवट आणि कैद्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावरून चालत येऊन कॅमेऱ्याकडे पाहत गळा कापल्याची खूण करणारे विनोद-सुधीर यांचा शेवट एकमेकांशेजारी ठेवले, तर निराशेच्या खोलीत मुंबईचा चित्रपट कुठेही उणा ठरत नाही. ज्या गीतात आपण एक दिवस यशस्वी होऊ असा दिलासा आहे, तेच गीत त्या खुणेवेळी पाठीमागे असते.

चित्रपटातले इतर निर्देश या तोलाचे आहेतच असे नाही. नायकांची नावे विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा अशी आहेत. पहिला या चित्रपटाची निर्मितीव्यवस्था पाहणारा विधू विनोद चोप्रा, दुसरा पटकथेचा सहलेखक सुधीर मिश्रा. ही मित्रमंडळींतली थट्टा आहे. १९६० साली पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झालेली चित्रपटसंस्था, १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्यविद्यालय यांच्या परिसरात वाढलेली एक पिढी या चित्रपटात एकत्र आली होती. कुंदन शहा, संकलक रेणू सलुजा, छायालेखक बिनोद प्रधान पुण्याचे. पंकज कपूर, नीना गुप्ता, संवादलेखक रणजित कपूर दिल्लीचे. नसीरुद्दीन शहा, ओम पुरी, सतीश कौशिक दोन्हीकडचे. अशा मंडळात नावांची अदलाबदल होणे स्वाभाविक आहे, आणि त्यातून फार मोठा अर्थ काढण्याचा हट्ट धरू नये. मात्र एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अगदी थोड्या पैशांत, कामाचे दाम मिळण्याची शाश्वती नसताना काम करणाऱ्या या तरुणांनी आपली नावे ज्या दोघांना दिली, त्यांना शेवटी फसवून तुरुंगात टाकले जाते. थट्टेला इतकी काळी किनार क्वचितच असते.

‘अल्बर्ट पिंटो’चा निर्देश याहून गुंतागुंतीचा आहे. सईद अख्तर मिर्झा यांचा ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ (१९८०) हा चित्रपट, आणि त्याचे शीर्षक ‘जाने भी दो यारो’त सांकेतिक वाक्य म्हणून वापरले जाते. मूळ चित्रपटात अल्बर्टची भूमिका नसीरुद्दीन शहा यांचीच होती. हे ओळखणारा प्रेक्षक हसतो आणि पुढे जातो. पण अल्बर्ट पिंटो हा मुंबईतला गोमंतकीय ख्रिस्ती मोटार-मेकॅनिक आहे. कष्ट केले की माणूस वर चढतो अशी त्याची श्रद्धा असते, आणि गिरणीत काम करणाऱ्या वडिलांवर संपाच्या काळात ओढवलेल्या प्रसंगाने त्याच्या रागाला दिशा मिळते. शीर्षकातला प्रश्न हा खरा प्रश्न होता आणि त्याला उत्तर होते. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि ‘जाने भी दो यारो’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याचा पराभव दिसू लागला होता. ज्या वाक्यात तीन वर्षांपूर्वी राग होता, ते आता पोकळ परवलीचे वाक्य झाले होते. असे वाचन दिग्दर्शकाच्या मनात नसेलही. तरी दोन चित्रपटांच्या मधल्या काळात शहरात जे घडले, ते त्या वाक्याच्या आवाजात मिसळल्याशिवाय राहत नाही.

चित्रपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे वस्त्रहरणाचा. प्रेत घेऊन पळणारे नायक आणि त्यांचा पाठलाग करणारे सगळे लबाड महाभारताच्या नाट्यप्रयोगात घुसतात. डिमेलोचे प्रेत द्रौपदी होते. अंगावर दुर्योधनाचा वेष चढवलेला विनोद आता वस्त्रहरणाचा बेतच रद्द झाल्याचे जाहीर करतो, दुःशासन (ही भूमिका स्वतः विधू विनोद चोप्रा यांची) गोंधळतो, आणि आंधळा धृतराष्ट्र हे काय चालले आहे असे विचारत राहतो. मग महाभारताच्या मंचावर सलीम आणि अकबर अवतरतात, आणि द्रौपदीची अनारकली होते.

या प्रसंगाला ‘मुगल-ए-आझम’चे (१९६०) विडंबन म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु अनारकलीची कथा के. आसिफ यांच्याआधी इम्तियाझ अली ताज यांच्या १९२२च्या नाटकापासून रंगभूमीवर रुळली होती, आणि द्रौपदी-वस्त्रहरण तर दशावतारापासून नौटंकीपर्यंत सर्व लोकनाट्यांच्या शिदोरीत होते. निर्देश चित्रपटाकडे आहे की चित्रपटाच्याही मागे असलेल्या रंगपरंपरेकडे, हे येथे ठरवता येत नाही. आणि ठरवण्याची गरजही नाही. मराठी प्रेक्षकाला या जागी १९८० साली रंगभूमीवर आलेले गंगाराम गवाणकरांचे मालवणी नाटक ‘वस्त्रहरण’ आठवते. कोकणातल्या एका गावात द्रौपदी-वस्त्रहरणाचा प्रयोग बसवताना आणि करताना उडणारा गोंधळ हा त्या नाटकाचा विषय. मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले, आणि चित्रपट तयार होत होता त्या काळात मुंबईत ते जोरात होते. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे म्हणण्यास आधार नाही. दोन्ही कलाकृती मात्र एकाच ठिकाणी पोहोचतात: ज्या सभेत सारे थोर निमूट बसले, ती सभा प्रहसनातच नीट दाखवता येते. पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याची परंपरा ज्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत मुरलेली आहे, त्याला प्रेताने द्रौपदी होणे तितके अतर्क्य वाटत नाही. संकेत एकदा मानला की मग तो किती ताणायचा, एवढाच प्रश्न उरतो.

प्रसंगातला विनोद संवादांतून जितका येतो तितकाच हक्काच्या भाषेतून येतो. पांडवांच्या बाजूने घुसलेला आहुजा द्रौपदीवर एकट्याचा हक्क नाही, आपण सगळे ‘शेअरहोल्डर’ आहोत असे बजावतो. महाभारतातल्या एका अवघड नैतिक प्रश्नावर बिल्डरच्या व्यवहारातला हा शब्द येऊन आदळतो आणि प्रेक्षागृह हसते. पणाला लावलेली द्रौपदी ही मालमत्ता आहे की नाही, हाच मूळ सभापर्वातला प्रश्न होता. आहुजा अजाणता त्याचे उत्तर देऊन टाकतो. विडंबन मूळ कथेपासून दूर जात नाही, उलट तिच्या मर्मावर नेमके बोट ठेवते. अनारकलीचेही तसेच. भिंतीत चिणली जाणारी ती स्त्री, आणि आयुष्यात ज्याच्याकडून पुलाची कंत्राटे घेतली त्या आयुक्ताला पुलापाशी पुरणारे हे बिल्डर. किल्ल्याच्या बुरुजाच्या वा पुलाच्या पायात बळी दिल्याच्या कथा महाराष्ट्रात गावोगाव सांगितल्या जातात. त्या कथांत बळी दिल्यावर बांधकाम टिकते. इथे पूल बळी घेऊनही कोसळतो.

या सर्व निर्देशांत एक निर्देश असा आहे की जो कोणी योजलेला नाही. शोभा सेन ही भूमिका भक्ती बर्वे यांनी केली. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलेल्या ‘ती फुलराणी’तली मंजुळा ज्याने पाहिली आहे, त्याला या संपादिकेच्या घोटीव, सफाईदार बोलण्यामागे दुसरा एक आवाज ऐकू येत राहतो. मंजुळेला भाषा शिकवून वरच्या थरात नेऊन बसवले होते. शोभा सेन त्या थरात पक्की बसलेली आहे, आणि दोन भाबड्या तरुणांना सत्याची भाषा शिकवता शिकवता त्याच सत्याची किंमत तर्नेजाकडून वसूल करू पाहते. फुलराणी शिकली, आणि अशी शिकली! हिंदी प्रेक्षकाला हा कडवट अर्थ उपलब्ध नाही. नट आपल्या आधीच्या भूमिका अंगावर वागवतो आणि त्या कोणाला दिसतील हे पाहणाऱ्याच्या भाषेवर अवलंबून असते, ही गोष्ट चित्रपटनिर्देशांच्या याद्यांत कधीच येत नाही. याद्या दिग्दर्शकाने लपवलेल्या वस्तूंच्या असतात, प्रेक्षकाने बरोबर आणलेल्या नव्हे.

२००७ साली एकाच वर्षी आलेल्या दोन हिंदी चित्रपटांशी तुलना केल्यास ‘जाने भी दो यारो’चे वेगळेपण अधिक ठळक होते. फराह खान यांच्या ‘ओम शांती ओम’चे शीर्षक ‘कर्ज’मधल्या (१९८०) गीताचे. पुनर्जन्म आणि अखेरचा सूड यांच्या रचनेत ऋत्विक घटक यांनी लिहिलेल्या आणि बिमल रॉय यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मधुमती’ची (१९५८) छाया आहे. येथे निर्देश लपवलेले नाहीतच. ते उत्सवातल्या दिव्यांसारखे उघड टांगलेले आहेत, आणि ओळखीचा आनंद हाच त्यांचा हेतू आहे. त्यात काही वावगे नाही. फक्त मूळ कृतीशी मतभेद असा कुठे नाही. श्रीराम राघवन यांचा ‘जॉनी गद्दार’ याहून कसलेला आहे. विजय आनंद आणि जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केलेल्या या चित्रपटाचा नायक दूरचित्रवाणीवर ‘परवाना’ (१९७१) पाहतो. त्यातल्या खुन्याने आगगाडी आणि विमान यांचा मेळ घालून आपण दुसरीकडे असल्याचा देखावा कसा उभा केला, हे तो तिथून उचलतो. हॉटेलात नाव विचारले जाते तेव्हा ‘जॉनी मेरा नाम’ (१९७०) चालू असल्यामुळे तो स्वतःला जॉनी म्हणवतो. जुना चित्रपट येथे कथानकाचे हत्यार होतो, आणि ते हत्यार हाती घेणाऱ्यालाच शेवटी जड जाते. निर्देशाची अशी योजना हिंदीत दुर्मिळ आहे. तरीही राघवन यांच्या जगाच्या सीमा चित्रपटांच्याच सीमा आहेत. ‘जॉनी गद्दार’मधले सगळे संदर्भ उकलले, तरी वाचक पुन्हा एका चित्रपटगृहातच पोहोचतो.

कुंदन शहा यांचे संदर्भ चित्रपटगृहाबाहेर जातात, आणि तिथेच गुप्ततेचा प्रश्न वेगळे वळण घेतो. ऑगस्ट १९८३च्या मुंबईकर प्रेक्षकांपैकी अंतोनियोनी हे नाव ऐकलेले किती असतील? फिल्म सोसायट्यांचे सभासद, चित्रपटसंस्थेचे विद्यार्थी, इंग्रजी नियतकालिकांचे काही वाचक. त्यांच्यापुरता तो संदर्भ उघड होता, इतरांना तो गुप्त. उलट कोसळणारा उड्डाणपूल, बिल्डर आणि प्रशासन यांची भागीदारी, निकृष्ट बांधकाम यांचा संदर्भ कोणालाही समजावून सांगावा लागत नव्हता. सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्रात उठलेले वादळ ताजे होते. त्यापायी जानेवारी १९८२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते. पडद्यावर पूल ढासळला की प्रेक्षक त्या बातम्यांसह हसत होता.

आज स्थिती नेमकी उलटी आहे. अंतोनियोनी पार्कचे रहस्य चित्रपटाविषयीच्या कोणत्याही लेखात पहिल्या परिच्छेदात सांगितलेले असते. ‘ब्लो-अप’ मिळवून पाहणे कोणालाही शक्य आहे. सिमेंट प्रकरण मात्र चाळिशीच्या आतल्या प्रेक्षकाला ठाऊक नसते, आणि गिरणी संप हा इतिहासाच्या पुस्तकातला एक मथळा झाला आहे. जे लपवले होते ते उघडे पडले, आणि जे उघडे होते ते काळाने लपवले. महाभारताच्या प्रसंगाचे तर आणखीच विलक्षण झाले. १९८८ मध्ये दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ मालिका सुरू झाली, आणि त्यानंतर वाढलेला प्रेक्षक हा प्रसंग त्या मालिकेच्या आठवणीवर बसवून पाहू लागला. पाच वर्षे आधीचा चित्रपट पाच वर्षे नंतरच्या मालिकेचे विडंबन वाटावा, अशी ही उलटापालट आहे. या विनोदात आता ती मालिकाही सामील आहे. कालक्रम सांगून तिला बाहेर काढता येणार नाही.

गुप्तता हा संहितेचा गुण नसून संहिता आणि प्रेक्षक यांच्यामधल्या अंतराचा गुण असेल, तर छुपे संदर्भ शोधणाऱ्याचे काम बदलते. दिग्दर्शकाने ठेवलेली खूण ओळखणे हा त्यातला सोपा भाग; बहुतेक वेळा दिग्दर्शक स्वतःच मुलाखतींतून तो आटोपून टाकतो. अवघड भाग आहे तो खूण म्हणून कधीच ठेवल्या न गेलेल्या, त्या वेळी हवेत असलेल्या गोष्टी पुन्हा ऐकू येतील असे करण्याचा. त्यासाठी चित्रपटांच्या याद्यांपेक्षा त्या वर्षांची वर्तमानपत्रे, नाटकांच्या जाहिराती, महापालिकेच्या सभांचे वृत्तान्त अधिक कामाचे आहेत. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २०१२ मध्ये या चित्रपटाची प्रत दुरुस्त करून तो पुन्हा चित्रपटगृहांत आणला. चित्र स्वच्छ झाले, ध्वनी सुधारला. पण दारू प्यालेला आहुजा रस्त्यातल्या शवपेटीला मोटार समजून आतल्या गप्प चालकाशी अदबीने बोलू लागतो, तेव्हा तो एका मेलेल्या आयुक्ताशी त्याच्या हयातीत बोलत होता त्याच सुरात बोलतो आहे, हे कळण्यासाठी त्या काळच्या महापालिकेच्या कचेरीतला सूर कानांवर असावा लागतो. तो कोणत्याही प्रतीत दुरुस्त करून मिळत नाही.